यावलवालीची अक्का

नोकरीच्या पहिल्याच दिवशी वत्सलाअक्कांनी माझ्या तळहातावर दहा-बारा अळ्या ठेवल्या. सायीच्या रंगाच्या, गुबगुबीत, वळवळणाऱ्या. मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, किडींची लांबलचक लॅटिन नावं तोंडपाठ असलेली मुलगी. तरी मी किंचाळले आणि हात झटकला. अक्का खाली बसल्या, फरशीवरची एकेक अळी अलगद चिमटीत धरून बरणीत टाकली आणि दुपारपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवायच्या सुट्टीत मात्र स्वतःच्या डब्यातली कळण्याची अर्धी भाकरी आणि ठेच्याचा गोळा माझ्यापुढे सरकवला. "खा. हात धुतले ना?" एवढंच म्हणाल्या.

पुढची सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. कागदावर त्या माझ्या हाताखाली होत्या, हे मी सोडून कुणालाच महत्त्वाचं वाटत नव्हतं, आणि काही दिवसांनी मलाही वाटेनासं झालं.

आमची प्रयोगशाळा जळगावच्या बाहेर, हायवेपासून थोडी आत होती. तीन खोल्या, एक फ्रीज, एक थंड कपाट आणि दारात कडुनिंब. तिथे आम्ही सूत्रकृमी वाढवायचो. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, धाग्यासारखे बारीक किडे. यातले काही पिकाच्या मुळांना गाठी आणतात, त्यांना शेतकरी चांगले ओळखतात आणि मनापासून शिव्या देतात. पण त्यांच्यातच एक चांगलं घराणं आहे. ते पिकाला हात लावत नाही. मातीत फिरून मुळं खाणाऱ्या हुमणीसारख्या अळ्या शोधतं, त्यांच्या अंगात शिरतं आणि दोन दिवसांत त्यांना संपवतं. मेलेली अळी विटेसारखी तांबडी होते. तिच्या अंगातच या किड्यांची पोरंबाळं होतात आणि मग हजारोंनी बाहेर पडून पुढची अळी शोधायला निघतात.

आता हे शेतकऱ्याला समजावणं किती अवघड! जामनेरच्या एका मेळाव्यात मी पाटीवर मोठ्या अक्षरांत 'सूत्रकृमी' असं लिहिलं आणि पहिल्याच रांगेतले एक केळीवाले भाऊ उठून उभे राहिले. "मॅडम, आम्ही आयुष्यभर यांना मारायचं औषध आणतोय, आणि तुम्ही आमच्याच शेतात सोडायला निघाल्या?" मांडव हसला. मी घाबरून इंग्रजी शब्द वापरायला लागले. तेव्हा मागून अक्का पुढे आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊ, गावात चोर बी मानूस असतो आनि पोलीस बी मानूस असतो. तुम्ही काय मानूस दिसला का ठोकत सुटता?" भाऊ बसले. पोलिसांबद्दल अक्कांचं मत फारसं चांगलं नव्हतं, हे त्यांनी मला परतीच्या गाडीत सांगितलं, पण वेळ मारून न्यायला बरं पडतं म्हणाल्या.

या किड्यांना वाढवायला जिवंत अळ्या लागतात. मी हातावरून झटकल्या त्या याच, मेणपतंगाच्या अळ्या. त्यांना वाढवणं हे अक्कांचं मुख्य काम. मक्याचं पीठ, गव्हाचा कोंडा, दुधाची भुकटी, मध असं सगळं त्या परातीत हाताने मळायच्या. खोलीला असा खमंग गोड वास यायचा की येणारा पाहुणा हमखास विचारायचा, आज काय विशेष? अक्का शांतपणे म्हणायच्या, "लाडू. पन तुमच्यासाठी नाहीत."

अळ्या पोसायच्या, धष्टपुष्ट करायच्या आणि मग एका ताटलीत ओल्या कागदावर सूत्रकृमींच्या पुढ्यात ठेवायच्या. अक्कांना यातलं दुसरं काम आवडत नसे. एकादशीला तर त्या ते करतच नसत. "आज कोन्हाच जीव लेवाना नही," असं म्हणून त्या दिवशी फक्त बरण्या पुसायच्या. आमच्या सरांनी, प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सुरुवातीला खूप आदळआपट केली. विज्ञानाला तिथी नसते वगैरे ऐकवलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या एकादशीलाही बरण्याच पुसल्या. शेवटी सरांनी भिंतीवरच्या कामाच्या तक्त्याशेजारी पंचांगाचं कॅलेंडर टांगलं आणि दर महिन्याचं वेळापत्रक दोन्हीकडे बघून करायला लागले. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी, तुमच्या नोंदीत दर पंधरवड्याला एक दिवस कोरा का, असं विचारलं होतं. सरांनी 'स्थानिक परिस्थिती' असं उत्तर दिलं.

आता मुख्य गोष्ट सांगते, ती यावलवालीची.

आमच्याकडे सुरुवातीला सूत्रकृमींची जी जात होती ती बाहेरच्या राज्यातून मागवलेली. उत्तम, कागदोपत्री गाजलेली. पण जळगावच्या मे महिन्यापुढे तिचं काही चालत नसे. वीज दोन-तीन तास गेली, थंड कपाट तापलं, की ताटलीतले किडे सरळ काठ्यांसारखे होऊन पडायचे. दरवर्षी मेमध्ये आमचं सगळं मरायचं आणि जूनमध्ये आम्ही पुन्हा पत्र लिहायचो. अक्का त्या दिवसांत माठाच्या बुडाशी ओली वाळू पसरून त्यात बाटल्या पुरून बघायच्या, फडकी भिजवायच्या. घरचं कुणी आजारी असल्यासारखी त्यांची धावपळ चालायची.

मग एका पावसाळ्यात अक्का यावलकडे बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेल्या. कार्यक्रम केळीच्या बागेला लागून असलेल्या घरात होता. सगळ्या बायका नव्या साड्या सांभाळत खुर्च्यांवर बसलेल्या आणि आमच्या अक्का मागच्या बाजूला, कुणीतरी केळीचे जुने खुंट खणून काढलेल्या खड्ड्यात वाकून बघत होत्या. तिथे त्यांना मातीत एक हुमणी दिसली. मेलेली, विटकरी. त्यांच्या पर्समध्ये कुंकवाची डबी होती. ती त्यांनी रिकामी केली, धुतली, ओल्या कापसात अळी ठेवली आणि जेवणाचं पान मांडलेलं असताना, पोट बिघडलंय असं सांगून जळगावची एसटी धरली. बहीण पुढे दोन वर्षं बोलत नव्हती. साखरपुड्यातलं हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी कुलूप लावत होते, तर समोरून अक्का जरीची साडी नेसून धापा टाकत आल्या आणि डबी माझ्या नाकापुढे धरली. "अवं माय, दख! लाल शे!"

त्या एका अळीतून निघालेले किडे पुढच्या मे महिन्यात मेले नाहीत. वीज गेली, कपाट तापलं, मी सवयीने पत्राचा मसुदा काढला, आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर ते मजेत हलत होते. आपल्याच उन्हात वाढलेली जात ती, तिला जळगावच्या मेचं काय कौतुक! सरांनी तिला आकड्या-अक्षरांचं नाव दिलं. अक्का तिला यावलवाली म्हणायच्या. नावापुरतंसुद्धा कुणी 'अक्कांची जात' म्हणालं की त्या लाजायच्या, पण ती ठेवलेल्या खोलीत दुसऱ्या कुणी झाडलेलं त्यांना चालत नसे.

यावलवाली शेतात उतरवायची वेळ आली तेव्हा अक्कांनी हट्टाने आपलं माहेर पुढे केलं. पारोळ्यापासून पाच-सहा मैलांवरचं गाव. तिथले धोंडूआबा अक्कांच्या वडिलांच्या वयाचे, ताठ, पांढऱ्या टोपीचे, शब्दाला पक्के. त्यांच्या भुईमुगाला दरवर्षी हुमणी लागायची. अक्कांनी त्यांच्या ओट्यावर बसून गावासमोर शब्द दिला, "आबा, यंदा हुमणी राहाव नही." आम्ही यावलवाली भुकटीत मिसळून भरलेली पुडी घेऊन गेलो, तर त्या दिवशी पावसाची झड लागलेली आणि वावरात तळं साचलेलं. आम्ही पुडी आबांकडे दिली. अक्का म्हणाल्या, "पानी ओसरू द्या. दोन दिवस थंड जागावर ठेवा. मंग सांजले पाण्यात कालवीसन सोडा." आबांनी मान हलवली.

महिन्याभराने आम्ही गेलो तेव्हा भुईमुगात मोठी मोठी टकलं पडली होती. झाड धरून ओढलं की मुळांशिवाय हातात यायचं. पारावर वीसेक माणसं जमलेली. आबा चिडले नव्हते, चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वत्सला, तू माले पानी दिधं, पोरी." बस. त्या दिवसापासून गावात आमच्या मालाचं नाव पडलं, अक्काचं पाणी.

मी चक्रावले होते. घरात आबांच्या सुनेने, सुनीताने, आम्हाला चहाला बोलावलं. अक्कांनी तिला सहज विचारलं की पुडी कुठे ठेवली होती. तिने फ्रीजचं दार उघडून वरचा बर्फाचा कप्पा दाखवला. "आठेच ठेयेल व्हती. आबा म्हनेत, अक्कानं सांगेल शे, थंड जागावर ठेवा. याच्याहून थंड जागा कोठे शे?" आबांनी आमचं ऐकलं होतं, चार आणे जास्तच ऐकलं होतं. दोन दिवस बर्फात राहिलेल्या पुडीतला एकेक जीव मेलेला होता आणि आबांनी तो मोठ्या श्रद्धेने, सांगितल्या वेळेला, सांगितल्या रीतीने वावरात सोडला होता.

मी तडक उठले. पारावर जाऊन सगळ्यांना खरं काय ते सांगणार होते. अक्कांनी माझं मनगट धरलं. अजून आठवतं, पीठ मळून मळून त्या हाताला केवढा जोर होता. मला मागे ठेवून त्या स्वतः बाहेर गेल्या आणि उभ्यानेच चूक आपल्या अंगावर घेत म्हणाल्या, "आबा, चूक मनी शे. पुडी कशी ठेवानी ते नीट सांगानं मनाकडथून राही गयं."

गाडीत मी भांडले. माझं डोकं तापलं की मी कुणाचं ऐकत नाही. म्हटलं, अक्का, तुमची दोन वर्षांची मेहनत, तुमची यावलवाली, तिच्या नावाला काळं लागलं तुमच्याच माहेरात, आणि तुम्ही गप्प? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यासनं वय दख. चार मानसंसमोर त्यासनं हसू करानं का? आनि खोटं काय बोलनू मी? थंड म्हनजे कितलं थंड, हाई कोठे सांगेल व्हतं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून माहितीपत्रकात एक ओळ घालून घेतली : पुडी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. ती ठळक छापायला लावली. त्यानंतर वर्षभर त्या माहेरी गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, सवड नाही. सवड होती. मला माहीत होतं, रविवारीसुद्धा त्या अळ्यांपाशी येऊन बसायच्या.

आणि मग प्रयोगशाळा बंद करायचं पत्र आलं. ज्या संस्थेची ती होती तिला आता दुसरं काही करायचं होतं. जूनअखेर जागा रिकामी करायची, यंत्रं परत पाठवायची आणि सर्व जिवंत नमुने उकळत्या पाण्यात टाकून नष्ट करायचे. सरांनी यावलवाली ठेवून घ्याल का म्हणून दोन मोठ्या ठिकाणी विचारलं. दोन्हीकडून उत्तर आलं की आमच्याकडे पुरेशा जाती आहेत.

हे किडे बाटलीत ठेवले की राहतात असं नाही. दर काही आठवड्यांनी त्यांना नवी अळी द्यावी लागते, नाहीतर घराणं संपतं. म्हणजे तीस जूननंतर यावलवाली या जगात बाटलीत तरी उरणार नव्हती. अक्कांनी मला विचारलं, "मी घरी लिसन जाऊ का? एकच ताटली." मी नियमाची बाई. म्हटलं, अक्का, असे नमुने घरी नेता येत नाहीत, उद्या काही झालं तर सरांच्या मानेवर येईल. माझं म्हणणं बरोबर होतं आणि ते बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी वाद घातला नाही. त्या नुसत्या कामाला लागल्या. बंद होणाऱ्या त्या प्रयोगशाळेत शेवटच्या महिन्यात जेवढी यावलवाली तयार झाली तेवढी सात वर्षांत कधी झाली नव्हती. एका बाजूला माणसं टेबलं उचलून नेत होती आणि दुसऱ्या बाजूला अक्का ताटल्या मांडत होत्या. कशासाठी, ते विचारायची हिंमत मला झाली नाही, सरांनाही नाही.

अशात एका सकाळी धोंडूआबा दारात उभे. एकटेच, पारोळ्याहून एसटीने आलेले. हातात आमचंच माहितीपत्रक, चार घड्या घातलेलं. बाजाराच्या दिवशी पारोळ्यात कुणीतरी त्यांना दिलं होतं. ते थेट अक्कांसमोर गेले आणि त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं.

"वत्सला, हाई ओळ मनामुळेच छापेल शे ना?"

अक्का हातातली ताटली मांडत राहिल्या.

"गावले मी सांगं काल. पारवर हुभा राहीसन सांगं, चूक मनी व्हती, पोरनी नही." आबांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. "आते दे माले. कितलं बी दे."

सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि प्रयोगशाळा बंद होत असल्याचं सांगितलं. उकळत्या पाण्याचंही सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मंग मना वावरमा सोडा त्यासले. विहिरीकडना तुकडा देस मी. तठे मी औसद टाकाव नही. मी शे तवलोंग नही, आनि मना मांगे सुनीता टाकाव नही." सरांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, शेतकऱ्याला माल पुरवायला पत्रात कुठे मनाई आहे? सात वर्षांत त्यांनी नियमाचा इतका सुंदर अर्थ पहिल्यांदाच लावला होता. अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि उगाचच एक कोरडी बरणी पुसायला घेतली.

जून संपायच्या आत, आषाढ लागल्या लागल्या एका सांजेला आम्ही विहिरीजवळच्या त्या तुकड्यात सगळी यावलवाली सोडली. ऊन पूर्ण उतरेपर्यंत अक्कांनी कुणाला पंपाला हात लावू दिला नाही. आबा, सुनीता, गावातली दहा-बारा माणसं बांधावर गुपचूप बसून होती. मग अक्का स्वतः पंप पाठीवर घेऊन ओळीओळीने फिरल्या. प्रत्येक बाटली तीन-तीनदा विसळून तेही पाणी मातीत ओतलं. शेवटच्या ओळीला त्या मला म्हणाल्या, "लागी गया ना जीव, तं आते काय करू?" मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी चिखलात उभ्या राहिलो.

प्रयोगशाळा गेली. मी धुळ्याजवळच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले. अक्का मुलाकडे धुळ्याला राहायला आल्या, आणि लगेच आजारी पडल्या. पोटाचं काहीतरी होतं. औषधं चालू होती, पण चेहरा उतरत गेला. मी अधूनमधून जायचे. त्या दुखण्याबद्दल बोलत नसत. त्यांना एकच घोर लागला होता : यावलवाली त्या वावरात टिकली की गेली? मुलगा म्हणायचा, आई झोपेतसुद्धा तेच बोलते, जरा कळवा ना बुवा काय ते. पण नुसतं बघून ते कळत नाही. मातीत मेणपतंगाच्या अळ्या जाळीच्या डबीत घालून पुराव्या लागतात आणि आठवड्याने काढून बघाव्या लागतात. मातीत किडे असतील तर अळ्या लाल होऊन निघतात.

वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात मी एका मधपाळाकडून जुन्या पोळ्यातल्या मेणपतंगाच्या अळ्या मिळवल्या, आबांच्या वावरात आठ डब्या पुरल्या आणि आठवड्याने सुनीताबरोबर खणायला बसले. पहिली डबी उघडली, अळ्या पांढऱ्याफटक. दुसरी तशीच. तिसरीला मी आशा सोडली होती. चौथी सुनीताने उघडली आणि ती ओरडलीच. पाचवीत, सातवीत, आठवीतही, विटकरी लाल अळ्या. आबा टोपी काढून बांधावर बसले.

मी तशीच चिखलाच्या पायांनी एसटीत बसले आणि ओल्या मातीच्या डबीत चार लाल अळ्या घेऊन धुळ्याला अक्कांच्या दारात गेले. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. किती बारीक झाल्या होत्या! मी डबी उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, एका अळीला करंगळीने हलकंच हलवलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं नाही त्यांनी. मी विचारलं, अक्का, खूश ना? त्या हसल्या. सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता, फरशीवर अळ्या पडल्या होत्या त्या दिवसापासूनचा.

"पन यासले आठे कसाले आनं तू?"

"तुम्हाला दाखवायला, अक्का."

"दखं मी. आते आठे गरम व्हई त्यासले. इतल्या जीवमा हजारो जीव शेतस, आज-उद्या बाहेर निंघतीन, त्यासले माटी नको का? ऊठ. पारोळानी गाडी मिळी अजून."

"अक्का, मी आत्ताच आलेय. चहा तरी..."

"चहा कोठे पयी जास? नंतर पी. जाय माय, पहिले त्यासले वावरमा सोडी ये."

मी डबी घेतली. पायात चप्पल सरकवेपर्यंत त्यांची बडबड चालूच, डबी मांडीवर धर, खिडकीपाशी बसू नको, ऊन लागतं. जिना उतरून मी रस्त्यावर आले आणि एक रिक्षा थांबवली. रिक्षावाला भाव सांगायला लागला. मी वर बघितलं तर अक्का गॅलरीत आल्या होत्या. उठू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेल्या, सुनेच्या खांद्याला धरून उभ्या. मी निरोपाचा हात केला. त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. कठड्यावरून पुढे वाकून त्या रिक्षावाल्याला हातवारे करत होत्या, चल, लवकर चल, आणि रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांचा हात तसाच घाई करत होता. त्यांना शेवटचं पाहिलं ते एवढंच.